क्रेडिट कार्ड : बिल पूर्ण भरता येत असेल तरच वापरा

मोबाईलच्या दुकानात, मॉलच्या दारात, पेट्रोल पंपावर, अगदी पगाराचं खातं उघडताना बँकेतसुद्धा आता एकच प्रश्न विचारला जातो : "सर, क्रेडिट कार्ड घेणार का? लाइफटाइम फ्री आहे." पाच मिनिटांत आधार, पॅन आणि ओटीपी होतो आणि आठवडाभरात कार्ड घरी येतं. पगार २५ हजार आणि कार्डाची मर्यादा ७५ हजार! घरात कोणाला सांगितलेलंही नसतं. पुढे दीड-दोन वर्षांनी फोन सुरू होतात, तेव्हा अब्बांना कळतं की मुलाच्या डोक्यावर लाखभराचं कर्ज आहे.

कार्ड ही वस्तू स्वतःहून चांगली किंवा वाईट नाही. पण ती कशी चालते हे न समजता वापरली, तर तिच्याइतकं महाग कर्ज बाजारात क्वचितच मिळेल. आपल्या घरांमध्ये दुकानातली उधारी कळते, भिशी कळते, सोनं गहाण ठेवणंही कळतं. कार्डाचा हिशोब मात्र बऱ्याच जणांना पहिलं मोठं बिल आल्यावरच कळतो. तो आधी कळावा म्हणून हा लेख. घरातल्या कमावत्या मुलामुलींनी तर तो वाचावाच, पण आई-वडिलांनीही वाचावा.

डेबिट आणि क्रेडिट, फरक काय?

डेबिट कार्ड म्हणजे तुमच्याच खात्यातले पैसे. खात्यात ३ हजार असतील तर ३ हजारच खर्च होतील. क्रेडिट कार्डात पैसे बँकेचे असतात. दुकानदाराला बँक पैसे देते आणि महिन्याच्या शेवटी तुमच्याकडून मागते. म्हणजे प्रत्येक वेळी कार्ड मशीनला लावलं की तुम्ही एक छोटं कर्ज घेतलेलं असतं.

"माझ्या कार्डावर दीड लाख आहेत" असं अनेकजण सहज बोलतात. हे वाक्यच चुकीचं आहे. कार्डावर पैसे नसतात, कार्डावर कर्ज घेण्याची परवानगी असते. मर्यादा वाढली म्हणजे उत्पन्न वाढलं नाही.

२०२२ पासून रूपे क्रेडिट कार्ड युपीआयला जोडता येतं. त्यामुळे भाजीवाल्यापासून किराणा दुकानापर्यंत क्यूआर कोड स्कॅन करून उधारीवर खर्च होऊ लागला आहे. सोय आहे, पण धोकाही आहे. खिशातली नोट देताना हाताला कळतं, स्कॅन करताना कळत नाही. युपीआयला बँक खातं आणि कार्ड दोन्ही जोडलेलं असेल तर पैसे पाठवण्याआधी ते कुठून जात आहेत हे पाहायची सवय लावा.

पन्नास दिवसांचा हिशोब

"पन्नास दिवस बिनव्याजी" अशी जाहिरात असते. ती खोटी नाही, पण अर्धीच सांगितलेली असते.

समजा तुमचं बिल दर महिन्याच्या १५ तारखेला तयार होतं आणि भरण्याची शेवटची तारीख पुढच्या महिन्याची ५ आहे. तुम्ही १६ मे रोजी मिक्सर घेतला, तर तो १५ जूनच्या बिलात येईल आणि पैसे ५ जुलैपर्यंत भरायचे. झाले ५० दिवस. पण तोच मिक्सर १४ जूनला घेतला तर तोही १५ जूनच्याच बिलात येणार आणि ५ जुलैलाच भरायचा. म्हणजे फक्त २१ दिवस. म्हणून आपली बिलाची तारीख पाठ असायला हवी. पगार १ तारखेला होत असेल आणि शेवटची तारीख २८ असेल, तर महिनाअखेरीला हात रिकामा असताना बिल येतं. बिलाची तारीख बदलून मागण्याचा हक्क रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी ग्राहकाला दिलेला आहे. बँकेला सांगून ती पगाराला जुळवून घ्या.

दुसरी आणि महत्त्वाची गोष्ट. ही बिनव्याजी मुदत फक्त त्यालाच मिळते ज्याने मागचं बिल पूर्ण भरलं आहे. थोडं जरी मागे ठेवलं तर ती सवलत जाते. मग उरलेल्या रकमेवर व्याज लागतं, तेही शेवटच्या तारखेपासून नाही तर खरेदी केल्याच्या दिवसापासून. आणि नवीन खरेदी केली तर तिच्यावरही पहिल्या दिवसापासून व्याज चालू होतं. दूध आणि भाजीसुद्धा व्याजानेच घरात येते.

'किमान रक्कम' नावाचा सापळा

बिलावर दोन आकडे असतात. एक एकूण देय रक्कम, दुसरा किमान देय रक्कम. ६० हजारांचं बिल असेल तर किमान रक्कम साधारण ५ टक्के, म्हणजे ३ हजार रुपये दिसते. माणसाला वाटतं, वा, फक्त ३ हजार भरायचे. भरले की दंड लागत नाही, फोन येत नाही. म्हणून ते पुरेसं वाटतं.

आता हिशोब करू. अनेक कार्डांवर महिन्याला ३ ते ३.७५ टक्के व्याज असतं. आपण ३.५ टक्के धरू. म्हणजे वर्षाला ४२ टक्के. या व्याजावर पुन्हा १८ टक्के जीएसटी. नवीन काहीही खरेदी केलं नाही असं मानू, आणि हिशोब सोपा राहावा म्हणून भरणा केल्यानंतर उरलेल्या रकमेवरच व्याज धरू.

पहिल्या महिन्यात ३ हजार भरले, उरले ५७ हजार. त्यावर व्याज १,९९५ रुपये आणि जीएसटी ३५९ रुपये. पुढचं बिल आलं ५९,३५४ रुपयांचं. म्हणजे ३ हजार भरून कर्ज कमी झालं फक्त ६४६ रुपयांनी!

असंच वर्षभर किमान रक्कम भरत राहिलात तर बारा महिन्यांत खिशातून सुमारे ३४ हजार रुपये जातील. आणि कर्ज किती उरेल? सुमारे ५२,७०० रुपये. जवळजवळ २६,७०० रुपये व्याज आणि करात गेले.

त्याच माणसाने कार्ड बाजूला ठेवून दर महिन्याला ठरवून ६ हजार भरले, तर तेराव्या महिन्यात कर्ज पूर्ण फिटतं आणि एकूण सुमारे ७५ हजार जातात. म्हणजे १५ हजार रुपये जास्तीचे गेले, वाईट वाटतं, पण सुटका तर झाली. किमान रक्कम भरणाऱ्याची सुटका दिसतसुद्धा नाही.

फक्त किमान रक्कम भरत राहिल्यास परतफेड अनेक महिने किंवा वर्षं लांबते आणि चक्रवाढ व्याज लागतं, ही सूचना बिलावर छापणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलं आहे. ती बारीक अक्षरांत असते म्हणून कोणी वाचत नाही. आजच घरातलं एक बिल काढून वाचा.

कार्डावर या गोष्टी करू नका

एटीएममधून रोख काढणे. क्रेडिट कार्डाने रोख काढली तर बिनव्याजी मुदत मिळत नाही. त्याच दिवसापासून व्याज लागतं, शिवाय रोख काढण्याचं वेगळं शुल्क. दवाखान्याच्या अडचणीत लोक हे करतात. पण बहुतेक मोठी रुग्णालयं आणि औषध दुकानं कार्ड थेट घेतात, तिथे रोख काढायची गरजच नसते.

कार्ड घासून रोख घेणे. काही दुकानदार खोटी खरेदी दाखवून कार्ड स्वाइप करतात आणि आपलं कमिशन कापून रोख देतात. एका कार्डाचं बिल दुसऱ्या कार्डाने भरण्यासाठी लोक हा मार्ग धरतात. हा व्यवहार खोटा आहे, बँकेच्या लक्षात आला तर कार्ड बंद होऊ शकतं. आणि कर्ज फिटत नाही, फक्त एका खिशातून दुसऱ्या खिशात जातं.

'नो कॉस्ट' ईएमआय डोळे झाकून घेणे. यात व्याजाइतकी सूट किमतीत दाखवलेली असते. पण कार्डाच्या बिलात व्याज लावलं जातंच आणि त्या व्याजावरचा जीएसटी तुम्हालाच भरावा लागतो. प्रक्रिया शुल्कही असू शकतं. रोखीने घेतल्यास दुकानदार किती कमी करतो, हे आधी विचारा. पुष्कळदा रोखीची किंमतच खरी स्वस्त असते.

पॉइंटसाठी खर्च करणे. शंभर रुपये खर्चून एक-दोन रुपये परत मिळतात. गरज नसताना २ हजारांची वस्तू घेऊन ४० रुपये मिळवणं म्हणजे १,९६० रुपयांचं नुकसान.

व्याजाचा प्रश्न

आपल्या घरांमध्ये हा प्रश्न फक्त पैशाचा नाही. व्याज घेणं आणि देणं दोन्ही हराम आहे हे लहान मूलही सांगतं. तरीही क्रेडिट कार्डाला कोणी "व्याजी कर्ज" म्हणत नाही, कारण ते प्लास्टिकच्या सुंदर तुकड्यात येतं.

उलेमांची मतं इथे एकसारखी नाहीत. सप्टेंबर २००० मध्ये रियाध इथे झालेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीच्या अधिवेशनात असं ठरलं की ज्या कार्डाच्या करारातच उशिरा भरल्यास व्याजाची अट आहे आणि मागे खात्यात रक्कम नाही, असं कार्ड वापरू नये, वेळेत भरण्याचा इरादा असला तरीही. दुसरीकडे काही मुफ्ती खरी गरज असेल आणि बिल मुदतीत पूर्ण भरण्याची खात्री असेल तर सवलत देतात. आपल्या परिस्थितीत काय योग्य, हे आपल्या विश्वासातल्या मुफ्तींना विचारूनच ठरवावं. पण एक गोष्ट दोन्ही बाजूंना मान्य आहे : बिल मागे ठेवून व्याज भरणं जायज नाही. म्हणजे दीनच्या बाजूने बघा की खिशाच्या बाजूने, उत्तर एकच येतं. पूर्ण बिल भरण्याची ऐपत नसेल तर कार्ड नको.

ज्यांचं काम डेबिट कार्ड आणि युपीआयने भागतं, त्यांना क्रेडिट कार्डाची गरजच नाही. "कार्ड नसेल तर सिबिल होत नाही, मग घर कसं घेणार?" असं एजंट घाबरवतात. ज्याला व्याजी कर्ज घ्यायचंच नाही, त्याने केवळ स्कोअर वाढवण्यासाठी कार्ड घेण्यात काय अर्थ आहे?

उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल सूरह बकराच्या आयत २८२ मध्ये सविस्तर मार्गदर्शन आहे. ती कुरआनातली सर्वांत लांब आयत आहे. आपण ही सवय फक्त दुसऱ्याला उसने देताना पाळतो. स्वतःच्या कार्डाच्या खर्चालाही ती लावली, वहीत रोज एक ओळ लिहिली, तर निम्मं काम तिथेच होतं.

लग्न, ईद आणि उमराह

कार्डाचं कर्ज रोजच्या भाजीने फारसं वाढत नाही. ते तीन-चार ठरलेल्या प्रसंगांना वाढतं.

पहिला प्रसंग लग्नाचा. हॉल, बिर्याणीची देगची, कपडे, दागिने, फर्निचर. मुलीच्या बापाने "लोक काय म्हणतील" म्हणून दोन कार्डं पूर्ण मर्यादेपर्यंत वापरली की पुढची तीन वर्षं ते घर उभं राहत नाही. निकाह सोपा करा असं आपण बयानात ऐकतो, पण हॉल बुक करताना विसरतो. वलीम्याला पाचशे माणसं बोलावण्यापेक्षा दीडशे बोलावून नवदांपत्याला कर्जमुक्त संसार देणं हा मोठा तोहफा आहे. लग्नाचा खर्च आधी कागदावर मांडा, हाताशी किती आहे ते लिहा आणि जो खर्च हाताबाहेर जातो तो कापा. कार्ड हे लग्नाचं बजेट नाही.

दुसरा प्रसंग रमजान आणि ईदचा. शेवटच्या अशऱ्यात बाजारही भरतो आणि ऑनलाइन सेलही येतात. ईद दरवर्षी येते, अचानक येत नाही. शव्वालपासून दर महिन्याला १ हजार रुपये बाजूला टाकले तर पुढच्या रमजानपर्यंत ११ हजार जमतात. घरातल्या भिशीचा नंबर रमजानच्या आधी लावून घेणाऱ्या बायका हे गणित फार पूर्वीपासून जाणतात.

तिसरा प्रसंग उमराह आणि हजचा. ज्याच्याकडे ऐपत आहे त्याच्यावरच हज फर्ज आहे, त्यासाठी व्याजी कर्ज काढण्याची सक्ती कोणी केलेली नाही. प्रवासात कार्ड नेलं तर एक लक्षात ठेवा : परदेशातल्या प्रत्येक व्यवहारावर बहुतेक कार्डं वेगळं शुल्क लावतात, साधारण ३.५ टक्क्यांपर्यंत, वर जीएसटी. मक्का-मदिनेत दुकानदाराच्या मशीनवर "रुपयात की रियालमध्ये?" असा पर्याय आला तर रियाल निवडा. रुपये निवडले तर दर मशीनवाला ठरवतो आणि तो बहुतेक वेळा महाग पडतो.

"जरा तुमचं कार्ड द्या ना"

हा आपल्याकडचा खास प्रश्न. मेहुण्याला फ्रीज घ्यायचा असतो, मित्राला मोबाईल, चुलत भावाला तिकीट. "दर महिन्याला हप्ता देतो" असं वचन असतं. दोन महिने हप्ता येतो, तिसऱ्या महिन्यात फोन उचलला जात नाही. बँकेला मेहुणा माहीत नसतो. कार्ड ज्याच्या नावाचं, कर्ज त्याचं. घरातल्या माणसाला जोडकार्ड काढून दिलं तरी त्याचं बिल मूळ कार्डधारकालाच भरावं लागतं.

मदत करायची असेल तर जेवढे बुडाले तरी चालतील तेवढे रोख द्या, लिहून द्या, आणि कार्ड घरी ठेवा. नातं टिकतं. नाही म्हणायला संकोच वाटत असेल तर "घरात ठरलंय, कार्ड कोणाला द्यायचं नाही" एवढं वाक्य पुरे.

ग्राहकाचे हक्क

रिझर्व्ह बँकेने क्रेडिट आणि डेबिट कार्डांसाठी २१ एप्रिल २०२२ रोजी सविस्तर निर्देश काढले आणि ते १ जुलै २०२२ पासून लागू झाले. त्यातल्या कामाच्या गोष्टी अशा :

१. न मागता कार्ड देता येत नाही. दिलं आणि बिल लावलं तर ते मागे घेऊन त्या रकमेच्या दुप्पट दंड बँकेने ग्राहकाला द्यायचा आहे.

२. कार्ड मिळून ३० दिवसांत चालू केलं नाही तर बँकेने ओटीपीने संमती मागायची. संमती दिली नाही तर कुठलंही शुल्क न लावता कार्ड बंद करायचं.

३. मर्यादा वाढवायला तुमची स्पष्ट संमती लागते.

४. बाकी काही नसेल तर कार्ड बंद करण्याचा अर्ज सात कामाच्या दिवसांत पूर्ण व्हायला हवा. उशीर झाला तर दर दिवसाला ५०० रुपये दंड बँकेने ग्राहकाला द्यायचा.

५. उशिराचा दंड शेवटची तारीख उलटून तीन दिवसांपेक्षा जास्त झाले तरच लावता येतो, आणि तोही उरलेल्या रकमेवर, पूर्ण बिलावर नाही.

६. बिलावर तक्रार केली तर ३० दिवसांत उत्तर मिळायला हवं.

व्याजदर मात्र कोणी बांधून दिलेला नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये वर्षाला ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेणं अनुचित ठरवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निकाल रद्द केला. म्हणून "सरकार काहीतरी करेल" या भरवशावर राहू नका.

बँक ऐकत नसेल तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. ती मोफत असते, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

फसवणुकीपासून सावध

"तुमचे पॉइंट आज संपणार", "मर्यादा वाढवून देतो", "कार्ड बंद करायचंय तर ओटीपी सांगा" असे फोन रोज येतात. अनेक फोन शुद्ध मराठीत किंवा आपल्या बोलीत येतात, त्यामुळे वडीलधाऱ्यांचा विश्वास बसतो. बँक ओटीपी, पिन आणि कार्डामागचा तीन आकडी क्रमांक कधीच विचारत नाही. फोनवर कोणी सांगितलं म्हणून कुठलंही ॲप टाकू नका.

बँकेच्या ॲपमध्ये जाऊन परदेशी व्यवहार, ऑनलाइन व्यवहार आणि टॅप करून पैसे देण्याची सोय बंद-चालू करता येते. जे लागत नाही ते बंदच ठेवा.

फसवणूक झालीच तर लाजू नका, थांबू नका. ताबडतोब कार्ड ब्लॉक करा, बँकेला कळवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा. चूक तुमची नसेल आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर नुकसानीचा भार तुमच्यावर येत नाही. ओटीपी स्वतः सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचंच राहतं, म्हणून प्रत्येक मिनिट मोलाचं.

कर्जात अडकलात तर

पहिलं काम, घरात सांगा. बायकोला, अब्बांना, भावाला. लपवलेलं कर्ज दुप्पट वेगाने वाढतं, कारण ते लपवण्यासाठी नवीन कर्ज घ्यावं लागतं. ऐकणाऱ्यांनीही आधी ओरडू नये. जो मुलगा आज सांगतोय त्याच्यावर ओरडलात तर तो पुढच्या वेळी मोबाईलमधल्या कर्ज देणाऱ्या ॲपकडे जाईल.

दुसरं, कार्ड वापरणं त्याच दिवशी थांबवा. शॉपिंगच्या ॲपमध्ये आणि युपीआयमध्ये जोडलेलं कार्ड काढून टाका.

तिसरं, सगळी कर्जं एका कागदावर लिहा : कोणाचं, किती, व्याज किती, तारीख कोणती. प्रत्येकाची किमान रक्कम भरा आणि वर उरलेला प्रत्येक रुपया सर्वांत जास्त व्याजाच्या कर्जावर टाका. ते संपलं की पुढचं.

चौथं, बिनव्याजी पैसा शोधा. महिन्याला ३.५ टक्के व्याज चालू असताना कपाटात पडून असलेला दागिना, वापरात नसलेली गाडी, मोडता येणारी ठेव ठेवून उपयोग नाही. नातेवाइकांकडून कर्ज-ए-हसना मिळत असेल तर लेखी घ्या आणि तारखेला परत करा. जमातीचा बैतुलमाल किंवा गावातली बिनव्याजी पतसंस्था असेल तर संकोच न करता विचारा. जकातीच्या आठ हक्कदारांमध्ये कर्जात बुडालेला माणूसही आहे, हे मशिदीच्या कमिट्यांनीही लक्षात ठेवावं.

पाचवं, बँकेशी स्वतः बोला. नोकरी गेली, आजारपण आलं, तर पुरावा देऊन हप्ते बांधून मागा. बँक कधी कधी "सेटलमेंट" देते, म्हणजे काही रक्कम सोडून देते. यात तात्काळ सुटका होते, पण तुमच्या पत अहवालात "सेटल्ड" असा शिक्का बसतो आणि पुढे अडचण येते. जमत असेल तर पूर्ण फेडा. काहीही ठरलं तरी पैसे भरण्याआधी लेखी पत्र घ्या आणि नंतर काही देणं नसल्याचा दाखला घ्या. एजंटच्या वैयक्तिक खात्यात एक रुपयाही टाकू नका.

पत अहवाल देणाऱ्या चारही कंपन्या वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत देतात. तो मागवून बघा. कधी कधी बंद केलेलं कार्ड चालू दिसतं किंवा न घेतलेलं कर्ज सापडतं.

वसुलीचे फोन आले तर

कार्डाचं बिल थकणं ही मुळात दिवाणी बाब आहे. केवळ पैसे भरता आले नाहीत म्हणून पोलीस उचलून नेत नाहीत. पण दिलेला चेक किंवा खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता बाउन्स झाला तर फौजदारी केस होऊ शकते. म्हणून खात्यात पैसे नसतील तर चेक देऊ नका. कोर्टाची नोटीस आली तर ती बाजूला ठेवू नका, वकिलाला दाखवा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा.

रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे की वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. शिवीगाळ, धमकी, मोहल्ल्यात बदनामी, नातेवाईक आणि मित्रांना त्रास देणं यालाही मनाई आहे. असं झालं तर तारीख, वेळ, नंबर लिहून ठेवा, फोन रेकॉर्ड करा, बँकेकडे आणि गरज पडली तर पोलिसांत तक्रार करा. घाबरून चुकीचं पाऊल उचलू नका. कर्ज फिटतं, गेलेला माणूस परत येत नाही.

कार्डधारकाचा इंतकाल झाला तर वारसांना धमकावलं जातं. कायदा असा आहे की मयताने मागे ठेवलेल्या मालमत्तेतून कर्ज फेडायचं. वारसाला मिळालेल्या वाट्यापलीकडे त्याच्या स्वतःच्या कमाईवर बोजा येत नाही. शरीयतमध्येही वारसाहक्काची वाटणी कर्ज फेडल्यानंतरच होते. म्हणून आपल्यावर कोणाचं किती देणं आहे, हे घरातल्या एका तरी माणसाला माहीत असलं पाहिजे.

कार्ड ठेवायचंच असेल तर

एकच कार्ड ठेवा. मर्यादा स्वतः कमी करून घ्या, महिन्याच्या पगाराच्या निम्म्याच्या वर नको. बिल आलं की पूर्ण रक्कम खात्यातून आपोआप जाईल अशी सोय करा, पण "किमान रक्कम" नाही तर "एकूण रक्कम" हा पर्याय निवडलाय याची खात्री करा. कार्डाने जेवढा खर्च कराल तेवढे पैसे त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाका. तीन महिन्यांच्या घरखर्चाइतकी बचत हळूहळू उभी करा, कारण अडीअडचणीला कार्डाऐवजी तीच कामाला येते. आणि ज्या महिन्यात पहिल्यांदा पूर्ण बिल भरता आलं नाही, त्या महिन्यापासून कार्ड कपाटात ठेवा. तीच धोक्याची पहिली घंटा आहे.

आज रात्री जेवण झाल्यावर घरातल्या सगळ्यांना बसवा. कोणाकडे कार्ड आहे, किती बाकी आहे, शेवटची तारीख कोणती, एवढे तीन प्रश्न विचारा. रागावू नका, फक्त लिहून घ्या. बऱ्याच घरांत त्या कागदापासूनच कर्ज कमी व्हायला सुरुवात होते.